मोजणीची जुनी यंत्रं: काचेच्या कपाटात ठेवायची की मैदानात चालवायची?

पांझराकाठ
मंडळी, आमच्या वाचनालयाकडे एका जुन्या वाड्यातून मोजणीचं सामान आलं आहे. यादी अशी:

लोखंडी साखळी, दोन्ही टोकांना पितळी मुठी, मधे पितळी बिल्ले. ताणून मोजली तर ३३ फुटांच्या थोडी वर जाते. लाकडाचा गोल ठोकळा, त्यावर एकमेकांना छेदणारे दोन करवती काप, खाली दांड्यासाठी भोक. पितळी होकायंत्र, एका बाजूला लोलक (काचेचा प्रिझम), समोर उभी खिडकी. खिडकीतला उभा केस तुटलाय. तिवईवरची लाकडी फळी आणि तिच्यावर ठेवायची, दोन उभी पाती असलेली पट्टी. एक बुटकी दुर्बीण, वर पाणपातळीची नळी. आणि चार पेचांवर उभा असलेला थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र), चाक ५ इंची. दुर्बिणीतून पाहिलं तर उभ्या-आडव्या रेषा दिसतच नाहीत.

समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो कपाटात ठेवा, दुसरा म्हणतो शाळेच्या पोरांना चालवून दाखवा. यातलं काय चालवता येईल, कसं, आणि बिघडतं कुठे? शिवाय साखळी ३३ फुटांचीच का? सर्वेची साखळी ६६ फुटांची ना?

वांग्याचं_भरीत
आधी ती साखळी पुस्तकं थकवलेल्या सभासदांना दाखवा. निम्मी पुस्तकं संध्याकाळपर्यंत परत.

निमतानदार
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

६६ फुटी साखळी गंटरची, इंग्लंडातली, १६२० ची. तिला १०० कांड्या, एक कांडी ७.९२ इंचांची. १० चौरस साखळ्यांचा १ एकर, ८० साखळ्यांचा १ मैल. मुंबई इलाख्याच्या जमाबंदी मोजणीत (शेतसारा ठरवायच्या मोजणीत) मात्र तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी घेतली आणि तिचे १६ आणे पाडले. १ आणा म्हणजे २ फूट पाऊण इंच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच १ गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर.

खरी खुबी पुढेच आहे. एक साखळी लांब आणि एक आणा रुंद पट्टी म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, म्हणजे क्षेत्राचाही १ आणा. टिपणावर (मोजणीच्या मापांच्या कच्च्या आकृतीवर) त्रिकोणाचा पाया १२ साखळ्या ८ आणे आणि लंब ४ साखळ्या ४ आणे असेल, तर साडेबारा गुणिले सव्वाचार, त्याचे निम्मे: २६ गुंठे ९ आणे. फूट नाही, चौरस फूट नाही, ४३,५६० ने भागणं नाही. पावकी-निमकी-सवायकी (पाव, अर्धा, सव्वाचे पाढे) पाठ असलेल्या माणसाला कागदसुद्धा लागत नसे.

तुमच्या साखळीवरचे बिल्ले किती अंतरावर आहेत ते मोजा. २ फूट पाऊण इंचाच्या पटीत आले तर ती आण्यांचीच साखळी.

नंदा_अमळनेर
वा, निमतानदार काका! पोरांना अपूर्णांकांचे गुणाकार शिकवायला हे उदाहरण उचललं.
पण साखळी ३३ च्या वर का जाते? लोखंड ताणलं जातं का?

पितळी_पेच
नंदाताई, कांडी फारशी ताणली जात नाही, सांधे झिजतात. दोन कांड्यांच्या मधे तीन गोल कड्या असतील तर लोखंडावर लोखंड घासण्याच्या जागा होतात चार. गंटरच्या १०० कांड्यांना अशा ४०० जागा. प्रत्येक जागी इंचाचा शंभरावा भाग झिजला तरी साखळी ४ इंच लांब झाली. त्यात काही कड्यांचं तोंड उघडतं, काही ओढून अंडाकृती होतात.

उलटही होतं. आपल्याकडच्या काळ्या मातीत साखळी ओढली की चिकण कड्यांत भरते, वाळते, आणि कडी पूर्ण खाली बसत नाही. एखादी कांडी पायाखाली येऊन वाकलेली असते. मग तीच साखळी आखूड भरते. म्हणून मोजायच्या आधी साखळी धुवा, कांड्या लाकडावर ठेवून लाकडी हातोडीने सरळ करा, आणि मग लांबी तपासा.

मैदानाच्या कडेला फरशीवर १०.०५८ मीटरवर दोन खुणा करून ठेवा, पक्क्या पोलादी टेपने. तेच तुमचं प्रमाण. साखळी लांब भरली तर उघडलेल्या कड्या आवळा, अंडाकृती झालेल्या ठोकून गोल करा. दुरुस्ती मधल्या बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटून करा, नाहीतर एकूण माप बरोबर आणि मधले आणे चुकलेले, असं होतं. कांडी कापू नका. ही ऐतिहासिक वस्तू आहे, आणि कापलेली कांडी परत जोडता येत नाही.

गणिताचे_आप्पा
इथे पोरांचाच काय, मोठ्यांचाही हटकून गोंधळ होतो: साखळी *लांब* झाली की माप *कमी* येतं. कारण ती कमी वेळा मावते.

खरी लांबी = मोजलेली लांबी × (साखळीची प्रत्यक्ष लांबी ÷ साखळीची ठरलेली लांबी).

साखळी ३३ ऐवजी ३३ फूट ३ इंच आहे आणि बांध ४० साखळ्या भरला. कागदावर १३२० फूट, प्रत्यक्षात १३३०. क्षेत्राला हेच गुणोत्तर वर्गात लावायचं, म्हणजे सुमारे दीड टक्का. १० एकरांच्या शेतात ६ गुंठे. आता बांधावरची भांडणं किती गुंठ्यांवरून होतात ते सांगा.

वांग्याचं_भरीत
आप्पा, गुंठ्यांवरून? आमच्याकडे वितीवरून होतात.

केळीबाग
वाचतोय. एक शंका. तो लाकडी ठोकळा म्हणजे शंकू ना? टिपणावर "शंकू साखळी" लिहिलेलं असतं, त्यातला?

निमतानदार
तोच. दांड्याच्या खाली लोखंडी टोक असतं, तो जमिनीत रोवायचा. एक काप मोजणीच्या मुख्य रेषेत आणायचा, म्हणजे त्यातून पाहिलं की रेषेच्या टोकाचा बावटा दिसला पाहिजे. मग ठोकळा न हलवता दुसऱ्या कापातून पाहायचं. बांधाचा कोपरा किंवा दगड त्यात दिसला तर तिथे काटकोन जुळला. नाही दिसला तर दांडा उपटून रेषेवरच मागे-पुढे सरकायचं. जुळला की दोन आकडे लिहायचे: मुख्य रेषेवर इथवर किती साखळ्या-आणे, आणि इथून बाजूच्या खुणेपर्यंत किती. टिपण म्हणजे याच जोड्यांची नोंद. ते चित्र प्रमाणात काढलेलं नसतं, आकडे खरे. टिपणावर पट्टी ठेवून अंतर मोजणारे लोक असतात, त्यांना हात जोडून नमस्कार.

शंकू तपासायची रीत: एका कापातून समोर एक काठी, दुसऱ्यातून बाजूला दुसरी काठी उभी करा. आता ठोकळा पाव वळसा फिरवा, म्हणजे पहिला काप दुसऱ्या काठीवर येईल. दुसऱ्या कापाच्या रेषेत, पहिल्या काठीच्या बाजूलाच, ती काठी दिसली पाहिजे. बाजूला सरकलेली दिसली, तर दिसणारा फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. लाकूड जुनं, वाळून फाकलेलं, तेव्हा हे कराच. एक अंशाने काटकोन चुकला तर ४ साखळ्यांच्या लंबात खूण २.३ फूट घसरते.

केळीबाग
काका, रीत झकास आहे, पण रावेर-यावलच्या बागेत उभं राहून दाखवा. चार हातांवरचं माणूस दिसत नाही, बावटा कुठला दिसायला. खाली ठिबकच्या नळ्या, साखळी त्यात अडकते ती वेगळीच.

निमतानदार
म्हणून मुख्य रेषा बागेतून न्यायचीच नाही. रेषेवर बागेच्या अलीकडे दोन ठिकाणी शंकूने सारखे काटकोनी लंब काढा, बागेच्या बाहेर पडतील एवढे. त्या दोन टोकांची रेषा बागेला वळसा घालून समांतर पुढे न्या, पलीकडे पोचल्यावर तेवढेच लंब काढून परत मूळ रेषेवर या. मधलं अंतर समांतर रेषेवर मोजलं तेच. अलीकडचे दोन लंब एकमेकांपासून जितके लांब तितकी समांतर रेषा भरवशाची. ते दोन हातांवर घेतले की पलीकडे रेषा भलतीकडेच निघते.

केळी कापून झाल्यावर मोजणी ठेवा हा त्याहून सोपा उपाय.

खडकफोड
होकायंत्राबद्दल कोणी बोललं नाही, आणि खान्देशात तेच सगळ्यात जास्त फसवतं.

लोलकाचं होकायंत्र (श्माल्काल्डरने १८१२ मध्ये पेटंट घेतलेलं) चालतं असं: खिडकीतला केस दूरच्या खुणेवर धरायचा आणि त्याच वेळी लोलकातून खालच्या चकतीवरचा अंक वाचायचा. चकती सुईला चिकटलेली असते, म्हणून ती स्थिर राहते आणि डबी फिरते. नवख्याला चक्रावणारी गोष्ट ही, की शून्य चकतीच्या दक्षिण टोकावर असतं आणि १८० उत्तरेवर. कारण लोलक डोळ्याजवळ आहे. उत्तरेकडे पाहताना डोळ्याखाली दक्षिण टोक येतं आणि तिथे शून्य वाचायचं असतं. अंकही आरशातल्यासारखे उलटे कोरलेले असतात, लोलक ते सरळ करतो. कोणीतरी "चुकीची चकती" म्हणून फेकायच्या आत सांगितलं.

आता आपला दगड. इथला सगळा खडक बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण. धुळे-नंदुरबार पट्ट्यात तर डाइकांची, म्हणजे खडकाच्या भिंतीसारख्या उभ्या पट्ट्यांची, रांगच्या रांग आहे. अशा डाइकवर उभं राहून वाचलेली दिशा अंश-दोन अंश सहज ढळते. उघड्या माथ्यावर वीज पडलेली असेल तर त्याहून जास्त.

पकडायची कशी? प्रत्येक रेषा दोन्ही टोकांवरून वाचा. फरक बरोबर १८० आला तर दोन्ही टोकं निर्धोक. उदाहरण: कखची दिशा ७२°३०′, खकची २५२°३०′, ठीक. खगची १४०°००′, पण गखची ३२२°१५′. म्हणजे ख निर्धोक, ग वर सुई २°१५′ जास्त दाखवते. मग ग वरून वाचलेल्या *सगळ्या* दिशांतून २°१५′ वजा. गघ २०५°४५′ वाचली असेल तर ती २०३°३०′ धरा.

डाइक शोधायच्या आधी खिसे तपासा मात्र. किल्ल्या, मोबाइलच्या पाकिटाचं चुंबक, आणि शेजारी गोळा करून ठेवलेली तीच लोखंडी साखळी.

पितळी_पेच
+१. आणखी दोन गोष्टी. सुईचं टेकू-टोक बोथट झालं की सुई आळसावते. तपासायला किल्ली जवळ नेऊन सुई हलवा, किल्ली दूर करा, थांबल्यावर अंक वाचा. वेगवेगळ्या बाजूंनी असं करा. दर वेळी वेगळा अंक आला तर टोक गेलं. खिडकी मिटली की खालची कळ दाबून सुई उचलली जाते, टोक वाचवायला ती सोय आहे. खिडकी उघडी ठेवून यंत्र हाताळू नका.

दुसरं, इंग्लंडात जुळवलेली सुई इथे दक्षिणेकडे झुकलेली आढळते. तिथे चुंबकीय नती (सुईचा खाली झुकण्याचा कोन) जास्त, सुईचं उत्तर टोक खाली ओढलं जातं, म्हणून दक्षिण बाजूला बारीक भार लावतात. आपल्याकडे नती बरीच कमी, तो भार जड पडतो. सरकता भार असेल तर केंद्राकडे थोडा सरकवा. सुई कापायची किंवा घासायची नाही.

तुटलेल्या केसाच्या जागी घोड्याच्या शेपटीचा केस. वर-खाली भोकं असतात, गाठ मारून लाखेचा ठिपका.

वांग्याचं_भरीत
दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतोच. एक केस मागायला जा, पण मागून नका उपटू.

नंदा_अमळनेर
पोरांना सुरुवातीला यातलं नेमकं काय द्यावं? थिओडोलाइट त्यांच्या हातात द्यायची छाती होत नाही.

गणिताचे_आप्पा
फळी. फलकयंत्र. नकाशा डोळ्यांदेखत कागदावर उतरतो, मधे आकड्यांची वही नाही. मुलाला चूक तिथल्या तिथे दिसते, कारण समोरचं झाड आणि कागदावरचा ठिपका एका रेषेत येत नाही.

कृती: कागद चिकटवा. मैदानात क आणि ख अशा दोन खुंट्या ठोका, अंतर साखळीने मोजा. फळी क वर समतल करा. कागदावर प्रमाणात कख रेघ काढा, पट्टी त्या रेघेवर ठेवा आणि ख चा बावटा पात्यांमधून दिसेपर्यंत *फळी* फिरवा, मग पेच आवळा. आता पट्टी कागदावरच्या क ला टेकवून झाड, विहीर, शाळेचा कोपरा यांच्याकडे रेघा मारा. फळी ख वर न्या, पट्टी कख रेघेवर ठेवून मागचा क पाहा, फळी आवळा, पुन्हा त्याच गोष्टींकडे रेघा. रेघा छेदतील तिथे झाड. झाडापर्यंत चालत जायचं कामच नाही. छेदाचा कोन ३० अंशांहून लहान किंवा १५० हून मोठा झाला तर ती खूण धरू नका, पेन्सिलीच्या जाडीएवढ्या चुकीने ठिपका हातभर पळतो.

फळी खुंटीच्या बरोबर वर आली पाहिजे म्हणून तास घालवू नका. १:५०० च्या प्रमाणात पेन्सिलीचा पाव मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साडेबारा सेंटिमीटर. तेवढ्यात बसलं की पुरे. फळीला टेकायचं मात्र नाही. पोरं टेकतातच, आणि फळी गुपचूप फिरते. दर पाच-सहा रेघांनंतर पट्टी परत कख वर ठेवून बावटा दिसतो का बघायची सवय लावा.

तापीचं_पाणी
हे सगळं ठीक, पण आता रोव्हरने (उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्राने) दोन मिनिटांत सेंटिमीटरपर्यंत बिंदू मिळतो. झिजलेल्या साखळीच्या मापांना अजून कवटाळून का बसायचं? टिपणं बाजूला ठेवा आणि नव्याने मोजा, भांडण मिटलं.

निमतानदार
भाऊ, भांडण मिटत नाही, नवं सुरू होतं. रोव्हर *तुम्ही उभे आहात ती जागा* सेंटिमीटरमध्ये सांगतो. हद्द कुठे होती हे त्याला माहीत नाही. ते टिपण सांगतं. हद्द कायम करताना आधी जुन्या खुणा, दगड, शेजारच्या नंबरांचे कोपरे यांच्या आधारे टिपणाची मुख्य रेषा जमिनीवर बसवावी लागते. ती बसली की मग रोव्हर वापरा, खुशाल.

आणि काळ्या रानातला दगड जागेवर असेलच असं नाही. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, दगड कलतो, सरकतो. नांगर लागून सरकतो तो निराळा. म्हणून एका दगडावर विश्वास नाही. तीन-चार खुणा एकमेकांशी टिपणाच्या मापाने जुळतात का ते पाहायचं, जी जुळत नाही ती संशयित.

तापीचं_पाणी
पण टिपणाची मापंच झिजलेल्या साखळीची असतील तर?

गणिताचे_आप्पा
तर ती सगळी एकाच प्रमाणात कमी असतील. हीच तर मेख आहे. दोन पक्क्या खुणांमधलं टिपणातलं अंतर २० साखळ्या आणि आजच्या टेपने २०.१५ आलं, तर त्या टिपणाची साखळी पाऊण टक्का लांब होती. मधल्या सगळ्या मापांना १.००७५ ने गुणा, कोपरे जागेवर येतात. सरसकट येणारी चूक हिशेबात पकडता येते. गडबड होते ती पडलेल्या साखळीची, म्हणजे मोजताना एक साखळी मोजायचीच राहिली त्याची. ती बरोबर ३३ फुटांची असते, म्हणून ओळखू येते.

शिवारातली_वाट
जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावांत गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांचं टिपण थेट जुळत नाही हेही लिहा. लोक चुकीचं टिपण काढून आणतात आणि मोजणीला दोष देतात.

वांग्याचं_भरीत
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत यंत्रांवर या, मायबाप.

शिवारातली_वाट
अवांतर होतंय तर एकच: खान्देशात मोजणीवरून भांडण नवं नाही. १८५२ साली सरकारी मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोकांनी तिला उघड विरोध केला होता. शेतसारा वाढणार ही भीती. साखळी दिसली की लोकांच्या पोटात गोळा येई.

कोरी_पाटी
थिओडोलाइट म्हणजे ज्याने एव्हरेस्ट मोजलं तेच यंत्र का?

खडकफोड
जात तीच, आकार वेगळा. लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, त्याचा मोठा थिओडोलाइट ३६ इंची चाकाचा, वजन अर्धा टन. तुमच्या पेटीतला ५ इंची, रस्ते-कालव्याच्या कामाचा. आणि ती मोजणी पृथ्वीचा आकार काढायला होती, साऱ्यासाठी नाही. तिथे पाया मोजायला पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक लावत.

गणिताचे_आप्पा
तापमापकावरून: पोलाद दर अंशाला लांबीच्या ०.००००११५ पट वाढतं. टेप २० अंशांना प्रमाणित असते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ ला ३० मीटरची टेप साडेआठ मिलिमीटर लांब. उन्हात जमिनीवर पडलेली टेप हवेहून कितीतरी तापते. त्या १०.०५८ च्या खुणा पहाटे करा, एवढंच.

पांझराकाठ
भरभरून माहिती मिळाली, आभार. थिओडोलाइटच्या रेषांचं काय? आणि पितळ काळं पडलंय, चिंच-राख लावू का?

पितळी_पेच
पांझराकाठ भाऊ, चिंच-राख तर सोडाच, पितळेचं पॉलिशसुद्धा लावू नका! पितळेवर लाखेचं रोगण असतं, ते निघतं. आणि चाकाच्या चांदीच्या कड्यावर कोरलेल्या रेघांत काळं भरलेलं असतं. एकदा घासलं की रेघा वाचता येत नाहीत, यंत्र मेलं. मऊ कुंचल्याने धूळ, बाकी कोरडं सुती कापड. अक्षावरचं जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर जोर लावून फिरवू नका. पेट्रोलने भिजवलेला कुंचला, थांबा, पुन्हा. मग घड्याळाच्या तेलाचा एक थेंब. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल.

रेषा म्हणजे कोळ्याचा धागा, तो तुटलाय. बसवायचा असा. डोळ्याकडच्या भिंगाच्या पुढे नळीवर चार छोटे पेच दिसतील, डोक्याला भोकं असलेले. भोकात सुई घालून फिरवायचे, पकड लावायची नाही. सैल करून आतली पितळी कडी काढा, स्पिरिटने पुसा. कडीवर बारीक खाचा कोरलेल्या असतात, धागा त्यांतच बसतो. धागा जाळ्याचा घ्यायचा नाही, त्याला चिकट मणी असतात. कोळी खाली उतरताना सोडतो तो कोरडा धागा. तारेच्या दुबेळक्यावर ओढून घ्या, पाण्यात बुडवा, ओला असतानाच ताणून खाचेवर ठेवा. कोरडा लावला तर पावसाळ्यात सैल पडून लोंबतो. दोन्ही टोकांना लाखेचा बारीक ठिपका, वाळला की बाकीचा कापा.

कडी परत बसवल्यावर रेषा जागेवर आहे का हे तपासणं आलंच. यंत्र मधे ठेवून मागे क खूण धरा, दुर्बीण उलटवून पुढे एक खूण करा. आता यंत्र अर्धा वळसा फिरवून पुन्हा क धरा, दुर्बीण उलटवा, पुढे दुसरी खूण. दोन्ही एकावर एक आल्या तर ठीक. नसतील तर दुसऱ्या खुणेपासून अंतराच्या *चौथ्या* भागावर रेषा आणा, बाजूच्या दोन पेचांनी. अर्ध्यावर आणली तर उलट बिघडते. दोनदा उलटवल्यामुळे चूक चौपट दिसते.

नंदा_अमळनेर
आणि कोन वाचायचा कसा? चाकावर तर एवढ्या बारीक रेघा.

गणिताचे_आप्पा
मुख्य चाकावर प्रत्येक रेघ २० मिनिटांची. शेजारच्या व्हर्नियरवर (बारीक भाग वाचायच्या सरकत्या पट्टीवर) ६० भाग, ते मुख्य चाकाच्या ५९ भागांएवढ्या लांबीत बसवलेले. म्हणून दर भागाला २० सेकंदांचा फरक. व्हर्नियरच्या शून्याआधीची मुख्य रेघ ४५°२०′ आणि व्हर्नियरची २३ वी रेघ समोरच्या रेघेशी तंतोतंत जुळली, तर २३ × २० = ४६० सेकंद = ७′४०″. एकूण ४५°२७′४०″.

५ इंची चाकावर २० सेकंद म्हणजे सुमारे ६ मायक्रॉन. हाताने नव्हे, यंत्राने पाडलेल्या रेघा आहेत या. म्हणूनच समोरासमोर दोन व्हर्नियर असतात आणि दोन्ही वाचून सरासरी घेतात. चाकाचं केंद्र अक्षापासून मिलिमीटरचा शंभरावा भाग जरी सरकलेलं असलं तरी एका व्हर्नियरला अर्ध्या मिनिटाची चूक येते. दुसऱ्याला तेवढीच उलटी, सरासरीत पुसली जाते.

पितळी_पेच
चार पेचांची गोम राहिली. समोरासमोरचे दोन पेच पकडा, दोन्ही अंगठे एकदम आत किंवा एकदम बाहेर. बुडबुडा डाव्या अंगठ्याच्या दिशेने जातो. मग दुसरी जोडी. एक पेच आवळताना समोरचा तेवढाच सैल झाला पाहिजे. दोन्ही आवळले तर खालची पाटी वाकते, पेचाचे आटे जातात. दुपारी बुडबुडा आखडलेला दिसेल, घाबरू नका, आतला द्रव उन्हाने प्रसरण पावतो. दोन्ही टोकं मधल्या खुणेपासून सारखी ठेवायची, लांबी कितीही असो. यंत्रावर छत्री धरा. आणि पोरांना सूर्याकडे दुर्बीण करू देऊ नका, डोळा जाईल.

पांझराकाठ
बुटकी दुर्बीण राहिली. त्यातून सगळं उलटं दिसतं, बिघडली का?

निमतानदार
नाही, ती डंपी लेव्हल, जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची. जुन्या दुर्बिणी प्रतिमा उलटीच दाखवतात. सरळ करायला जास्तीची भिंगं घालावी लागतात, त्यात उजेड जातो. समोर उभ्या धरायच्या मोजपट्टीवरचे आकडे वरून खाली वाढताना दिसतील, तसेच वाचायचे. जुनी पट्टी १४ फुटी, तीन भाग एकात एक सरकणारे, बारीक भाग ०.०१ फुटाचा. वरचा भाग ओढल्यावर खटका बसला ना ते बघा. तो न बसता पट्टी अर्धा इंच खाली बसली तर अख्खा दिवस वाया.

दृष्टिरेषा सपाट आहे का याची दोन खुंट्यांची कसोटी: क आणि ख, २०० फुटांवर. लेव्हल बरोबर मधे. क वर ४.३२, ख वर ५.१८, फरक ०.८६. हा फरक खराच असणार, कारण रेषा कलती असली तरी दोन्हीकडे सारखीच चूक. आता लेव्हल क च्या अगदी जवळ न्या. क वर ४.७५ आलं तर ख वर ५.६१ यायला हवं. ५.६९ आलं तर २०० फुटांत रेषा ०.०८ वर जाते. रेषांच्या कडीचे वरचे-खालचे पेच फिरवून ५.६१ वर आणा. तोवर काम करायचंच असेल तर मागची आणि पुढची पट्टी सारख्या अंतरावर ठेवा, चूक आपोआप कटते.

हे सकाळी दहाच्या आत. नंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते, आकडे नाचायला लागतात.

सातपुडा_घाट
पेटीत लांब पितळी नळी आणि तिच्याखाली दातेरी पट्टीवर सरकणारं वजन असं काही आहे का? असेल तर तो घाट ट्रेसर. वजन १ ला २० वर लावलं की नळीतून दिसणारी रेषा तेवढ्या चढाची, डोंगरातल्या रस्त्याची आखणी त्याने होते. समोर धरायच्या खुणेची उंची नळीच्या उंचीएवढीच हवी.

पांझराकाठ
नाही, तेवढं नाही.
समितीत असं ठरतंय: साखळी, शंकू आणि फळी मैदानात. मैदानाचा एक गुंठा आखून पोरांकडून मोजून घ्यायचा, टेपने पडताळायचा. होकायंत्र आणि लेव्हल शिक्षकांच्या हातात. थिओडोलाइट कपाटात, पण रेषा बसवून.

निमतानदार
गुंठा आखू नका, चौकोन काढणं फार सोपं. वेडावाकडा तुकडा द्या, पाच-सहा कोपऱ्यांचा. मुख्य रेषा सगळ्यात लांब कर्णावर घ्या, बाकीचे कोपरे शंकूने तिच्यावर उतरवा, त्रिकोण आणि समलंब चौकोन मोजा. शिवाय दोन कोपऱ्यांमधलं एक जास्तीचं अंतर मोजून ठेवा, जे हिशेबात कुठेच वापरलेलं नाही. कागदावर आकृती काढल्यावर ते अंतर जुळलं तर मोजणी पास.

साखळी ओढायला दोघं, पुढच्याकडे १० बाण (जमिनीत रोवायच्या टोकदार सळ्या). दर साखळीला एक रोवायचा, मागचा तो उचलत येतो. मागच्याच्या हातात १० जमले की १० साखळ्या, तिथे वहीत खूण आणि बाण परत पुढे. बाणाला लाल कापड बांधा, नाहीतर गवतात सापडत नाहीत.

पितळी_पेच
थिओडोलाइट कपाटात ठेवताना सगळे आवळपेच किंचित सैल, पायाचे चारही पेच मधल्या उंचीवर. आणि पेटीत तो कसा बसतो त्याचा फोटो झाकणाच्या आत चिकटवा. बहुतेक जुन्या पेट्यांत यंत्र एकाच पद्धतीने बसतं, आणि झाकण दाबून लावणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त पाणपातळीच्या नळ्या फोडल्या आहेत.